‘बंद्याशी नाते’ या रकान्यात मित्र

तुरुंगातल्या माणसासाठी भरायच्या बहुतेक कागदांवर एक रकाना असतो: बंद्याशी नाते. तिथे आई, भाऊ, बहीण, पत्नी असं काही लिहिलं की कागद पुढे सरकतो. ‘मित्र’ लिहिलं की टेबलामागचा माणूस मान वर करून बघतो.

ही नोंद एका मित्राच्या आठवणीत लिहितो आहोत. न केलेल्या खुनासाठी त्याला जन्मठेप झाली, मधल्या वर्षांत तो काही वेळा रजेवर घरी आला आणि आता तो नाही. त्याचं नाव, गाव, तुरुंग इथे लिहिणार नाही. घरच्यांना ते पुन्हा लोकांच्या तोंडी नको आहे. त्याच्यामुळे जे कळलं ते मात्र कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. असा मित्र आत गेला की बाहेरच्या चार जणांनी नेमकं काय करायचं, हे सांगणारं कुणी भेटत नाही.

आधी एक गैरसमज. अमेरिकी सिनेमांत पॅरोल म्हणजे मंडळापुढे उभं राहून कायमची लवकर सुटका मिळवणं. आपल्याकडे त्याला मुदतपूर्व सुटका म्हणतात आणि ती वेगळीच फाइल असते. महाराष्ट्रात पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा. दोन्हींत माणूस ठरलेल्या दिवशी परत जातो. दोन्हींचा पाया १९५९चे फर्लो आणि पॅरोल नियम. त्यांत २०१६, २०१८, २०२० अशा बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आहेत. त्यामुळे कुणाच्या जुन्या अर्जाची नक्कल करू नका. तुरुंगाच्या न्यायविभागात विचारा की आजच्या तारखेला कोणता नियम लागू आहे, किती दिवस मिळतात आणि अर्ज कोणत्या पदाच्या नावाने करायचा. फर्लो कारागृह उपमहानिरीक्षकांकडून, नियमित पॅरोल विभागीय आयुक्तांकडून आणि मृत्यूच्या प्रसंगीची तातडीची रजा कारागृह अधीक्षकांकडून, अशी घडी बरीच वर्षं होती. अर्जावर चुकीचं पद पडलं की तो टेबलं फिरण्यातच आठवडे खातो.

या दोन रजांतला एक फरक घरच्यांना कुणी सांगत नाही, आणि तो फार महाग पडतो. फर्लोचे दिवस शिक्षेत मोजले जातात, पॅरोलचे मोजले जात नाहीत. जितके दिवस पॅरोलवर घरी, तितके दिवस शिक्षा पुढे सरकते. ५ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या कैद्यांच्या प्रकरणात हेच सांगितलं: मुदतपूर्व सुटकेसाठी १४ वर्षांची प्रत्यक्ष कैद मोजताना पॅरोलचा काळ वगळायचा. कोविडच्या वेळी, मे २०२०च्या दुरुस्तीने, महाराष्ट्रात अनेकांना तातडीचा पॅरोल मिळाला. आधी ४५ दिवस, मग तीस-तीस दिवसांची वाढ. काहींचे त्यात दोन वर्षांच्या आसपास गेले. घरच्यांना वाटलं शिक्षा तेवढी कमी झाली. ती जागच्या जागी उभी होती. म्हणून ज्या कामाला फर्लो पुरतो, त्यासाठी पॅरोल मागू नका. पॅरोल आजारपण, बाळंतपण, पडलेलं घर, मृत्यू यांच्यासाठी राखून ठेवा.

फर्लोला कारण लागत नाही. ठरावीक प्रत्यक्ष कैद भोगली आणि वागणुकीचा अहवाल चांगला असला की तो मागता येतो. पण तो निखळ हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात याच १९५९च्या नियमांवर बोलताना स्पष्ट केलं आहे. शिवाय नियम ४मध्ये अपात्रांची यादी आहे. दहशतवाद, दरोडा, अमली पदार्थ अशा गुन्ह्यांतले बंदी तिथेच अडतात. आरोप जितका भयंकर, तितकी निर्दोष माणसाची घरी येण्याची वाट अरुंद, मग पुरावा कितीही पोकळ असो. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपाखाली प्राध्यापक जी. एन. साईबाबा नागपूर कारागृहात होते. ९० टक्के अपंगत्व, चाकाची खुर्ची. १ ऑगस्ट २०२०ला त्यांची आई गेली आणि त्यांना पॅरोल मिळाला नाही. ५ मार्च २०२४ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष ठरवलं. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ते हैदराबादला वारले. आईच्या शेवटच्या दर्शनाचा दिवस कोणताही निकाल परत आणत नाही.

आता जामीनदाराकडे येऊ, कारण रजा अडते ती बहुतेक वेळा इथे. नियम ६ची भाषा अशी की बंद्याला आपल्याकडे ठेवून घ्यायला आणि हमीपत्र लिहून द्यायला तयार असलेला नातेवाईक हवा. तिथे नातेवाईक हाच शब्द आहे. मित्राने उभं राहायचं असेल तर पहिला जामीनदार शक्यतो नात्यातला घ्या आणि मित्र दुसरा ठेवा. नात्यात कुणीच उरलं नसेल, किंवा गुन्ह्याच्या डागामुळे सगळे मागे सरले असतील, तर तसं सरळ लिहा. कोण वारलं, कोण परगावी आहे, कोण तयार नाही. मित्राचं प्रतिज्ञापत्र आणि मुक्कामाच्या घराचा पुरावा सोबत जोडा. हा खुलासा अर्जातच असू द्या. नाकारल्यावर दिलेला खुलासा कुणी वाचत नाही.

जामीनदाराचे कागद: आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची चालू वर्षाची पावती किंवा सातबारा, भाड्याचं घर असेल तर नोंदणी केलेला करार आणि मालकाचं संमतिपत्र, दोन फोटो. त्याहून महत्त्वाची नावाची जुळणी. आधारवर ‘दत्तात्रय’, शिक्षा वॉरंटवर, म्हणजे न्यायालयाने तुरुंगाला पाठवलेल्या शिक्षेच्या कागदावर, ‘दत्तू’, रेशनकार्डावर आडनावाचं वेगळंच स्पेलिंग, हे आपल्याकडे घरोघरी आहे. पोलीस अहवालात ‘सदर इसम मिळून आला नाही’ असं एक वाक्य येतं. त्यामागे कितीतरी वेळा एवढंच असतं. ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

तुरुंगातून कागद निघतो तो पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयामार्फत स्थानिक ठाण्यात येतो. अंमलदार घरी येऊन जामीनदाराचा जबाब घेतो, शेजाऱ्यांना विचारतो, फिर्यादी पक्षालाही विचारतो. गावात असाल तर पोलीस पाटलाला विचारणा होते. या टप्प्यावर तीन गोष्टी बिघडतात.

घराला कुलूप असतं. अंमलदार दुपारी येतो, घरचे कामावर, आणि अहवाल तिथेच संपतो. म्हणून आवक क्रमांक मिळाला की आपणच ठाण्यात जाऊन कोणत्या दिवशी घरी थांबायचं ते विचारावं. तुरुंगाचा जावक क्रमांक, पोलीस अधीक्षक कार्यालयाचा आवक-जावक, ठाण्याचा आवक, तिथून परत जाताना पुन्हा जावक, हे सगळे तारखांसह एका वहीत लिहा. ‘फाइल आमच्याकडे आलीच नाही’ याला उत्तर देणारी दुसरी वस्तू नाही.

मग हद्द. वाढत्या शहरात एकाच रस्त्याची एक बाजू या ठाण्यात आणि दुसरी त्या. घरपट्टीच्या पावतीवरून हद्द ठरवू नका. ठाण्यात पत्ता दाखवून खात्री करा आणि अर्जात पत्त्याशेजारी ठाण्याचं नाव लिहा.

तिसरी अडचण सर्वांत चिवट. ‘फिर्यादी त्याच गावात राहतात, बंदी रजेवर आल्यास शांतता व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल.’ हे वाक्य इतक्या अहवालांत शब्दशः सापडतं की ते चौकशीअंती लिहिलेलं असेल यावर विश्वास बसत नाही. त्याला तोड एकच: मुक्कामाचा पत्ता दुसऱ्या गावातला द्यायचा. मामाचं गाव, बहिणीचं सासर, मित्राचं शहरातलं घर. फिर्यादी पक्षाचा राग खरा असतो. त्यांच्या घरातलं माणूस गेलेलं असतं आणि खरा गुन्हेगार कोण हे त्यांनाही ठाऊक नसतं. त्यांच्या नजरेसमोर रजा काढण्याचा हट्ट धरू नये, हा आमचा ठाम सल्ला आहे.

आजारपणाच्या पॅरोलला वैद्यकीय दाखला लागतो. खासगी डॉक्टरच्या लेटरहेडवर ‘ब्लडप्रेशर व अशक्तपणा’ लिहून आणलं तर नकार ठरलेला. दाखल्यात निदान, प्रस्तावित शस्त्रक्रियेची तारीख, किती दिवस सोबत माणूस लागेल, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का हवा. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाचा असेल तर उत्तम. तरीही ‘देखभालीसाठी इतर नातेवाईक उपलब्ध आहेत’ असं उत्तर येतं. त्याला अर्जातच सामोरं जा: भाऊ आहे, पण तो अमुक शहरात अमुक पाळीत काम करतो, बहीण आहे, पण तिचं मूल चार महिन्यांचं आहे. शस्त्रक्रियेची तारीख उलटून गेली तर नवी तारीख घेऊन पुरवणी अर्ज द्यावा लागतो, नाहीतर ‘कारण संपुष्टात आले’ म्हणून फाइल बंद होते. दाखला मात्र खराच हवा. एक खोटा दाखला पकडला गेला की पुढच्या सगळ्या रजांवर त्याची सावली पडते.

नकार आला तर त्याची लेखी प्रत मागून घ्या. तिच्यावर उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिका करता येते. बंदी स्वतः तुरुंगातून हस्तलिखित याचिकाही पाठवू शकतो, आणि विधी सेवा समितीकडून वकील मिळतो. साचेबद्ध पोलीस अहवालावर दिलेले नकार उच्च न्यायालयाने अनेकदा रद्द केले आहेत. तोवर लग्न होऊन गेलेलं असतं किंवा माणूस गेलेलं असतं, ही गोष्ट वेगळी.

निर्दोष माणसाच्या अर्जात एक खास अडचण येते. अर्ज लिहून देणारा लेखनिक सवयीने घालतो, ‘माझ्या हातून घडलेल्या गुन्ह्याचा मला पश्चात्ताप होत आहे.’ हे वाक्य काढून टाका. पॅरोलला किंवा फर्लोला कबुली लागत नाही. पण उलट टोकालाही जाऊ नका. आयुक्तांना ‘मला खोटं गोवलं’ हे चार पानं सांगून काही मिळत नाही. तो विषय त्यांच्या हातात नाही, आणि फाइलवर ‘वृत्ती सुधारलेली नाही’ असा शेरा पडायचा धोका असतो. रजेच्या अर्जात फक्त रजेचं कारण. निर्दोषत्वाची जागा अपिलात. आमच्या मित्राला हे फार जड जायचं. प्रत्येक कागदावर ‘मी केलेलं नाही’ हे लिहावंसं त्याला वाटायचं, आणि ते कुणालाही वाटेल.

सुटायच्या दिवशी जामीनदाराने सकाळीच तुरुंगाच्या दारात असावं. अनामत रोख भरायची असेल तर रक्कम आणि पावती सांभाळायची. रजेच्या आदेशावर परत हजर व्हायची तारीख लिहिलेली असते. ती आपल्या बोटांवर मोजू नका, आदेशावरचीच माना, आणि दिसत नसेल तर फाटकातून बाहेर पडण्याआधी लिहून घ्या. आदेशाच्या तीन झेरॉक्स काढा. पोलीस ठाण्यात हजेरी लावायची अट असेल तर पहिल्याच दिवशी जा. ‘साहेब नाहीत, उद्या या’ असं म्हटलं तर ठाणे दैनंदिनीत नोंद करायला विनंती करा आणि नोंदीचा क्रमांक घ्या. पुढे ‘हजेरी दिली नाही’ असा अहवाल आला तर हा क्रमांकच बोलतो. पोलीस बंदोबस्तात रजा मिळाली असेल तर बंदोबस्ताच्या खर्चाची रक्कम आधीच विचारा. गरीब घरांची रजा मंजूर होऊनही या खर्चापायी हातची जाते.

घरी आलेल्या माणसाचा फोटो टाकू नका, स्वागताचा फ्लेक्स लावू नका, फिर्यादी किंवा साक्षीदाराशी बोलायला जाऊ देऊ नका. चांगल्या हेतूने केलेली भेटही ‘धमकावलं’ म्हणून नोंदली जाते. पहिले दोन दिवस त्याला झोपू द्या. बरॅकीत रात्रभर दिवा चालू असतो, अंधारात झोपायची सवय गेलेली असते. मग एक पूर्ण दिवस अपिलाच्या कागदांसाठी काढा. रजेचा हा सर्वांत मोलाचा उपयोग, आणि बहुतेक घरं तो विसरतात. तुरुंगातल्या भेटीच्या, म्हणजे मुलाखतीच्या, काचेमागून, फोनच्या खरखरीत, तीनशे पानं वाचता येत नाहीत. पुराव्याची पानं घेऊन त्याच्यासोबत बसायचं आणि पानोपान विचारायचं.

घटनास्थळाच्या पंचनाम्यातला नकाशा बरोबर आहे का? दिवा होता म्हणतात तिथे खांब होता का? पंच कोण, त्यांची पोलिसांशी ओळख होती का? ओळखपरेड कुणी घेतली, त्याआधी साक्षीदाराला याला दाखवलं होतं का? जप्त वस्तू जागेवर सीलबंद झाल्या का, आणि रासायनिक विश्लेषकाकडे किती दिवसांनी पोचल्या? तोवर मुद्देमाल कुठे होता? मोबाइलचा तपशील मागवला होता का, आणि मागवूनही न्यायालयात आणला नाही का? ही यादी हवेतली नाही. ११ जुलै २००६च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ला बाराही जणांना सोडलं, ते याच गोष्टींवर: ओळखपरेड घेणाऱ्याला अधिकार नव्हता, साक्षीदार फार उशिरा बोलले, कबुलीजबाब विश्वासार्ह नव्हते, जप्त स्फोटकांच्या सीलची साखळी तुटकी होती. त्यातले पाच जण फाशीच्या शिक्षेखाली होते. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत घेण्याला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलं नाही.

नवा पुरावा निघाला तर अपिलातच तो घेण्याची तरतूद आहे: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३९१, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४३२. मुद्देमाल नष्ट होऊ नये म्हणून अपील चालू असेपर्यंत तो जपून ठेवण्याचा अर्ज वकिलाला करायला सांगा. रक्ताचा डाग, केस, कपडे एकदा जाळले की डीएनए तपासणीची वाट कायमची बंद. त्याच दिवशी वकीलपत्रावर आणि लागतील त्या प्रतिज्ञापत्रांवर सह्या घ्या. शिक्षा वॉरंटही बघा. खटल्याआधी आत काढलेले दिवस वजा झाल्याची नोंद, म्हणजे जुनं कलम ४२८, नवं ४६८, त्यात आहे का? तारखा चुकल्या असतील तर सत्र न्यायालयातून दुरुस्ती होते. हे न तपासल्यामुळे माणसं महिने जास्त काढतात.

रजा वाढवायची असेल तर अर्ज मुदत संपायच्या बराच आधी द्या. तातडीच्या रजेला वाढ मिळत नाही, हे आधीच समजून घ्या. आणि वाढीचा लेखी आदेश हातात नसेल तर मूळ तारखेला परत जायचं. ‘अर्ज केलाय, मंजूर होईलच’ या एका वाक्याने आम्ही पाहिलेली सर्वांत जास्त नुकसानं झाली आहेत. उशिराच्या प्रत्येक दिवसामागे माफीचे, म्हणजे शिक्षेत मिळालेल्या सुटीचे, कित्येक दिवस कापले जातात, जामीनदाराची अनामत जाते, भारतीय न्याय संहितेच्या कलम २६२चा, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या २२४चा, कैदेतून पळाल्याचा नवा गुन्हा लागू शकतो, आणि पुढची रजा दुरापास्त होते. निर्दोष माणसावरचा हा एकमेव खरा गुन्हा ठरतो. रुग्णालयात दाखल असेल तर त्याच दिवशी तुरुंग आणि ठाणे दोघांनाही कागदांसह लेखी कळवा. ते वाढीऐवजी चालत नाही, पण खुलाशाला उपयोगी पडतं.

परतीच्या दिवशी बरॅकी बंद होण्याच्या बऱ्याच आधी, उजेडात, फाटकावर पोचायचं. आदल्या रात्री खिसे, पिशवी, चपलेचा तळवा सगळं घरीच तपासायचं. विसरलेली तंबाखूची पुडी किंवा सिमकार्ड झडतीत निघालं तर चांगल्या वागणुकीचा शेरा गेलाच. औषधं चालू असतील तर मूळ चिठ्ठी आणि निदान सोबत द्या, म्हणजे आतले डॉक्टर ती पुढे चालू ठेवू शकतात. डब्यातलं जेवण आत जात नाही. फाटकाबाहेर बसूनच जेवू घालायचं.

भरपाईबद्दल लोक विचारतात. चुकीच्या शिक्षेची भरपाई देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८च्या २७७व्या अहवालात तशी शिफारस केली होती. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ला निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितले. त्याच न्यायालयाने २००९मध्ये सहाही जणांना फाशी सुनावलेली होती. १६ वर्षांचे ५ लाख. आणि तेही अपवाद म्हणून मिळालेले.

शेवटची गोष्ट कुणालाच आधी ऐकायची नसते. अपील चालू असताना माणूस गेला तर अपीलही संपतं आणि दोषी हा शिक्का तसाच राहतो. पण जुनं कलम ३९४, आता ४३५, म्हणतं की शिक्षेविरुद्धचं अपील जवळचा नातेवाईक पुढे चालवू शकतो. मृत्यूपासून ३० दिवसांत परवानगीचा अर्ज करावा लागतो. जवळचा नातेवाईक म्हणजे कोण हेही कलमात लिहिलं आहे: आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं-नातवंडं, भाऊ, बहीण. मित्र त्यात नाही. वीस वर्षं मुलाखतीला येणारा मित्रही नाही. लोकल स्फोटांच्या बारा जणांतला एक जण २०२१मध्ये नागपूर तुरुंगाच्या कैदेत कोविडने गेला होता. त्याचं निर्दोषत्व त्याच्या पश्चात लिहिलं गेलं.

सुतकाच्या दिवसांत हे बोलणं क्रूर वाटतं, तरी तेरावं होण्याआधी बोला. मृत्यू दाखल्याच्या दोन प्रती, नात्याचा पुरावा, अपिलाचा क्रमांक आणि सही करायला तयार असलेलं एक माणूस, एवढं लागतं. आमच्या मित्राच्या अर्जावर सही त्याच्या थोरल्या बहिणीची आहे. ‘मयताशी नाते’ या रकान्यापुढे तिने ‘सख्खी बहीण’ असं लिहिलं. २६व्या दिवशी अर्ज दाखल झाला. अपील अजून सुनावणीच्या बोर्डावर यायचं आहे.